ध्यान शिकायचंय : कोल्हापुरात कुणाकडं, आणि नोकरी-घर सांभाळून कसं?

डिस्पॅचवाली

नमस्कार मंडळी. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत डिस्पॅच बघते. गाडी लागली का, ई-वे बिल निघालं का, रिजेक्शनचा माल परत आला तर कुणाच्या नावावर टाकायचा, हे सगळं माझ्या टेबलावर. संध्याकाळी राजारामपुरीत घरी पोचते तेव्हा पोरगी शाळेतलं काहीतरी सांगत असते, मी "हं, हं" म्हणते आणि डोक्यात गेटवर अडकलेला ट्रक असतो.

मला ध्यान शिकायचं आहे. मोक्ष वगैरे पुढचं पुढं बघू. सध्या हवं ते एवढंच, की कस्टमरचा फोन वाजला की पोटात जो गोळा येतो तो आला तरी माझी जीभ त्याच्या ताब्यात जाऊ नये. आणि घरी आल्यावर घरी असावं.

मोबाईलवर ॲप घेऊन बघितलं. बाई गोड आवाजात सांगते, "विचारांना जाऊ द्या." जाऊ द्या म्हणजे नेमकं काय करू? तिला उलटं विचारता येत नाही. म्हणून माणसाकडून शिकायचं आहे, जो स्वतः बरीच वर्षं बसतोय आणि माझ्यासारखीला समोर बसवून चुकलेलं दाखवेल. असा माणूस ओळखायचा कसा? दहा दिवसांच्या निवासी शिबिराला न जाता शिकता येतं का? अनुभव असलेल्यांनीच लिहा, फॉरवर्ड नकोत.

पेठेतला पैलवान

ताई, धागा लई भारी काढलाय. आता आमचं ऐका. व्हिडिओ बघून कुस्ती कोण शिकलंय का आजवर? वस्ताद हौद्याच्या कडंला उभा ऱ्हातो. पोराचा खांदा जरा उचलला गेला की तिकडनं हाक येती. पोराला वाटत असतंय आपलं बरोबरच चाललंय. ध्यानाचंबी असंच हाय बगा. माणूस पायजे समोर.

मी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर बसायला लागलो. तालीम बंद, डोकं फिरलेलं. एका ओळखीच्या सरांनी शिकवलं. पयला आठवडा नुस्तं बसायचं कसं एवढंच.

शंकासुर

पैलवान, मुद्दा पटला खरं एक अडचण आहे. खांदा उचलला तर वस्तादाला दिसतो. मनात काय चाललंय ते कुणाला दिसणार? नेमका त्याच जागेवर धंदा उभा राहतो.

मागं एका मंगल कार्यालयात 'ध्यान शिबिर' होतं तिथं बायकोच्या आग्रहानं गेलो. नाव घेत नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांना डोळे मिटून बसवलं आणि मग एकेकाला सांगितलं, तुमचं अमुक चक्र बंद आहे. रांगेत बसलेल्या सगळ्यांचं काही ना काही बंद होतंच. ते उघडायला पुढची पायरी, त्या पायरीला वेगळी फी, त्याच्या पुढं 'सिद्ध' केलेली माळ. एकानं विचारलं, मला बसल्यावर कंटाळा येतो, काय करू? उत्तर मिळालं, तुमचे पूर्वसंस्कार आड येताहेत. झालं! प्रश्न विचारणाराच दोषी.

त्यामुळं ताई, 'अनुभवी' हा शब्द पत्रकावर छापता येतो हे लक्षात ठेवा.

शाहूपुरीकर काका

शंकासुर, मन दिसत नाही हे खरं आहे. पण बसणं दिसतं, आणि माणूस आपल्या बसण्याबद्दल काय बोलतो ते ऐकू येतं. जाणत्या शिकवणाऱ्याला तेवढं पुरतं.

मी ज्यांच्याकडं शिकलो ते सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. गुरू म्हटलेलं त्यांना आवडत नसे. पहिल्या दिवशी त्यांनी घोंगडं मागवलं, त्याची घडी करून माझ्या बैठकीखाली सरकवली आणि माझ्या गुडघ्याकडं बघत बसले. गुडघे कमरेच्या खाली येईपर्यंत घडीवर घडी वाढवली. मग म्हणाले, आता पाठ ताठ करायची गरज नाही, ती आपोआप उभी आहे बघ. खरंच होती. त्याआधी मी पाठ ताठ ठेवायच्या नादात कमरेला रग लावून घेत असे आणि ध्यान म्हणजे रग सोसणं असं समजत असे.

पाचेक मिनिटांनी विचारलं, "श्वास कुठं लागतो?" मी म्हणालो, "छातीत शांत वाटतंय." ते म्हणाले, "वाटतंय ते राहू दे. लागतो कुठं?" मी परत डोळे मिटले. बऱ्याच वेळानं सांगितलं, डाव्या नाकपुडीच्या आतल्या कडेला, आत जाताना गार. "बाहेर येताना?" ते मला माहीत नव्हतं, कारण मी बाहेर येणाऱ्या श्वासाकडं बघितलंच नव्हतं. "मग आठवडाभर तेच बघ," म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

ताई, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर यात आहे. शिकवणारा जाणता असला की तुमचं उत्तर 'छान वाटतं' वर थांबू देत नाही. जे प्रत्यक्ष कळलं त्यावर आणतो. अभ्यास छोटा देतो, आणि पुढच्या वेळी त्याच अभ्यासाबद्दल विचारतो. दुसरी गोष्ट, प्रकाश दिसला, अंग हलकं झालं अशा गोष्टी सांगितल्यावर त्याचा चेहरा फारसा बदलत नाही. ज्याचा चेहरा खुलतो त्याच्यापासून चार हात लांब राहा, कारण मग तुम्ही त्याला खूश करायला प्रकाश बघू लागता.

आणि नोकरी करणाऱ्याला हे जमत नाही असं कुणी सांगितलं तर विपश्यना ध्यान शिकवणारे सयाजी ऊ बा खिन यांचं नाव सांगा. ब्रह्मदेश 1948 साली स्वतंत्र झाला तेव्हा त्या देशाचे पहिले अकाउंटंट जनरल हे गृहस्थ. रंगूनमध्ये स्वतःच्या कचेरीत त्यांनी कर्मचाऱ्यांसाठी ध्यानाची सोय केली होती. ते ज्यांच्याकडं शिकले ते सया थेटजी हे तर शेतकरी. म्हणजे हिशोबाच्या वह्या आणि शेतीच्या बांधावरून आलेली परंपरा आहे ही.

आलते रिटर्न

काकांनी ऊ बा खिन यांचं नाव काढलंच आहे तर पुढचं मी सांगतो. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका. मंडालेत जन्म, 1924 चा. मोठे व्यापारी, आणि अर्धशिशी इतकी की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. त्या दुखण्यासाठी म्हणून ऊ बा खिन यांच्याकडं गेले, तर त्यांनी आधी शिबिराला घ्यायलाच नकार दिला. डोकेदुखी घालवायला ही विद्या नाही म्हणाले. मन स्वच्छ करायला येणार असशील तर ये, दुखणं गेलं तर जाईल. 1955 साली गोयंका पहिल्या शिबिराला बसले, 1969 मध्ये भारतात येऊन शिकवायला लागले, आणि इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र 1976 पासून.

आपल्याकडं लांब जायला नको. हातकणंगले तालुक्यात आलत्याला, रामलिंगच्या डोंगराकडं धम्मालय हे त्याच परंपरेचं केंद्र आहे, दहा दिवसांची शिबिरं होतात. मी तिथं बसलोय.

काय असतं ते थोडक्यात लिहितो, कारण लोक एकतर घाबरतात नाहीतर पिकनिक समजतात. पहाटे चारला घंटा. दिवसाला दहा तासांच्या वर बसणं, मधे मधे सुट्टी. मोबाईल, पुस्तक, वही-पेन सगळं आल्या दिवशी जमा. बोलायचं नाही, खुणाही नाहीत, त्याला आर्य मौन म्हणतात, ते दहाव्या दिवशी सुटतं. पहिले तीन दिवस नुसतं आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा बघणं. चौथ्या दिवशी विपश्यना, डोक्यापासून पायापर्यंत अंगावर काय काय कळतं ते क्रमानं बघत जाणं आणि त्यावर काही न करणं. त्या दिवसापासून तासभर न हलता बसायच्या बैठका असतात, अधिष्ठान म्हणतात. नवीन माणसाला संध्याकाळी पाचला फळ आणि चहा, जेवण नाही. तांबडा-पांढऱ्याची आठवण पाचव्या दिवशी फार छळते हे प्रामाणिकपणे सांगतो.

सूचना आणि संध्याकाळची प्रवचनं गोयंकांच्या आवाजात, ध्वनिमुद्रित. ते 2013 ला गेले. पण समोर सहायक आचार्य बसलेले असतात, आणि दुपारी बारा ते एक त्यांना एकट्यानं भेटून विचारता येतं. ताईंना जे ॲपमध्ये मिळालं नाही ते इथं मिळतं. मी विचारलं होतं, उजव्या पायात काहीच कळत नाही, दोन दिवस झाले. ते म्हणाले, "काहीच कळत नाही हे कळतंय ना? तिथं मिनिटभर थांबा आणि पुढं जा." बास. एवढ्यावर माझी दोन दिवसांची चिडचिड उतरली.

पैसे नाहीत. राहणं-जेवण सगळं आधीच्या साधकांच्या दानावर चालतं, आणि शिबिर पूर्ण केल्याशिवाय तुमच्याकडून दान घेतही नाहीत. शंकासुर, हे तुमच्यासाठी.

शंकासुर

फुकट आहे म्हणून बरोबर आहे असंही नाही, पण माझ्या माळेपेक्षा बरं. नोंद घेतली.

पाचचा गजर

सगळं वाचलं. आता एक बाईमाणूस म्हणून विचारते. दहा दिवस घर सोडून कोण जाईल? घरी सासूबाई, दोन डबे, नळाला पाणी पहाटे. नवरा म्हणतो "जा की", पण तो 'जा की' कसला असतो ते इथल्या बायकांना माहीत आहे. ताईंनी मुद्दाम विचारलंय, कुठं न जाता शिकता येतं का. त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

तर मी देते. येतं. मी आमच्या भागातल्या योगवर्गाच्या बाईंकडून शिकले. आठवड्यातून एकदा त्यांच्याकडं, बाकी घरी. त्यांनी अट एकच घातली, रोजची वेळ आणि जागा बदलायची नाही. माझी जागा म्हणजे देवघर आणि फ्रीजच्या मधली भिंत. पाणी भरून झालं की कुकर लावायच्या आधी वीस मिनिटं. श्वास मोजायचे, बाहेर जाणारा एक, पुढचा दोन, असं दहापर्यंत, मग परत एक. मधेच आकडा सुटला की परत एकपासून. बाईंनी पहिल्या दिवशीच बजावलं, दहापर्यंत पोचण्याला बक्षीस नाही. सुटलं हे लक्षात आलं तो क्षण महत्त्वाचा, तेवढ्यासाठीच बसायचं. हे मला फार उपयोगी पडलं, कारण आपण बायका तिथंही पहिला नंबर काढायला बघतो.

आणि दिवसात तीन ठिकाणं ठरवून दिली. दाराची कडी लावताना, गॅस पेटवताना, आणि फोन उचलायच्या आधी. तिथं एक पूर्ण श्वास, आत आणि बाहेर, लक्ष देऊन. बाकी काही नाही. वीस मिनिटांच्या बसण्यापेक्षा मला यानं जास्त फरक पडला असं माझं मत. काका कदाचित नाही म्हणतील.

शाहूपुरीकर काका

काका हो म्हणतात. फक्त एवढंच, की बसणं सोडून नुसती कडी-गॅस ठेवलं तर महिन्याभरात कडी नुसती कडी होते. बसण्यातून जी सवय लागते तीच तिथं कामाला येते. पतंजलींनी अभ्यास पक्का कसा होतो ते एका सूत्रात सांगितलंय: दीर्घकाळ, खंड न पाडता, आणि आदरानं. तिसरी गोष्ट लोक विसरतात. उरकायचं म्हणून बसलं की उरकतंच ते.

डिस्पॅचवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. पाचचा गजर, तुमचं वाचून धीर आला. आमच्याकडं पाणी संध्याकाळी येतं, एवढाच फरक.

मी काकांनी लिहिल्याप्रमाणं घडी करून बसायला सुरुवात केली आहे, शिकवणारं कुणी मिळेपर्यंत. आता अडचणी. एक तर दहा मिनिटांत झोप येते, चक्क मान पडते. दुसरं, विचार कमी व्हायच्या ऐवजी वाढलेत. आधी मला माहीतच नव्हतं मी इतका विचार करते! काल अख्खी बैठक मनातल्या मनात आमच्या ट्रान्सपोर्टरशी भांडण्यात गेली. आणि भांडणात मी जिंकले, त्यामुळं उठले तेव्हा छान वाटत होतं. हे ध्यान नव्हे ना?

पेठेतला पैलवान

😂😂 ताई नाद खुळा! ट्रान्सपोर्टरला चितपट केलासा.

शाहूपुरीकर काका

नव्हे. पण भांडण चालू आहे हे ज्या क्षणी कळलं, तो क्षण ध्यानाचा. बहुधा तो उठताना आला. हळूहळू आधी येईल.

विचार वाढलेले नाहीत. एवढे दिवस बघणारं कुणी नव्हतं, आता आहे. सुरुवातीला जवळजवळ सगळे हीच तक्रार घेऊन येतात. इथं बरेच जण सोडून देतात, 'मला जमत नाही' म्हणून, आणि समोर कुणी असलं तर याच ठिकाणी त्याचा उपयोग. "विचारांना जाऊ द्या" चा अर्थ तुम्ही विचारला होता. त्यांना घालवायचं काहीच करायचं नाही. भांडण चालू आहे असं कळलं की त्यात पुढचं वाक्य घालायचं नाही, एवढंच. ट्रान्सपोर्टर मनात उभा राहू दे. तुम्ही श्वास नाकाला कुठं लागतोय ते बघा. तो परत बोलेल, तुम्ही परत श्वासाकडं. दहा वेळा झालं तर दहा वेळा.

झोपेचं सोपं आहे. जेवल्यावर बसू नका. डोळे पूर्ण मिटू नका, दोन हातांवर जमिनीकडं नजर अर्धवट उघडी ठेवा. तरी मान पडली तर उभं राहा, उभ्यानं श्वास बघता येतो. आणि एवढं सगळं करून रोजच झोप येत असेल तर तुमची झोप कमी पडतेय, सरळ झोपा. ध्यानानं झोपेची भरपाई होत नाही, कुणी काही म्हणो.

मांडी दुखत असेल तर खुर्चीत बसा. पाठ टेकू नका, पावलं जमिनीवर सपाट. खुर्चीत ध्यान होत नाही हा आपल्याकडचा उगाचचा समज आहे.

हुपरीची चांदी

मी चांदीकामातला. माझा प्रश्न वेगळा. पैंजणाच्या कड्या जोडताना दोन-दोन तास मान वर होत नाही, बाजूला कोण आलं कळत नाही. मग हेच ध्यान की! वेगळं बसायचं कशाला? आमचे वडील तर म्हणायचे, हातातलं काम हीच पूजा.

शाहूपुरीकर काका

वडिलांचं खरं आहे, पण दोन्ही गोष्टी एक नाहीत. कामात तुमचं लक्ष कडीवर असतं, आणि कडी तुम्हाला आवडते, हात बसलेला आहे, म्हणून ते टिकतं. आता गिऱ्हाईक येऊन म्हणाला की मजुरी कमी कर, तेव्हा ते लक्ष कुठं जातं? तिथं छातीत काय होतंय, जबडा आवळलाय का, हे त्याच वेळी कळतं का? बसण्यात आपण अशी गोष्ट निवडतो जी मुळीच रंजक नाही, श्वास. तिच्यावर राहायला शिकलं की कंटाळा आला, राग आला, तर तोही बघता येतो. एकाग्रता तुमच्याकडं आमच्यापेक्षा जास्त आहे, ते भांडवल मोठं. त्यात हे दुसरं मिळवायचं.

हुपरीची चांदी

मजुरीचं उदाहरण बरोबर वर्मावर लागलं काका. बघतो बसून.

स्टेथोस्कोप

पेशानं डॉक्टर. दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या, कारण अशा धाग्यांवर शेवटी 'ध्यानानं बीपीच्या गोळ्या सुटल्या' हे येतंच.

आधी चांगलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये, जुनाट दुखण्याचे रुग्ण घेऊन आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. मूळ आपल्याकडच्याच पद्धती, बौद्ध परंपरेतल्या, जोडीला थोडी योगासनं, पण धार्मिक चौकट बाजूला ठेवून. आठवड्यातून एकदा अडीच तास शिक्षकासमोर, बाकी रोज घरी सराव. ज्याला 'रोजच्या जगण्यातलं कौशल्य' म्हणतात ते बहुतेक ठिकाणी याच नमुन्यावर शिकवलं जातं. 2014 मध्ये एका मोठ्या आढाव्यात 47 चाचण्या, 3,515 माणसं यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला, परिणाम छोटा ते मध्यम. झोप, वजन, एकाग्रता यांबाबत ठोस काही सापडलं नाही. आणि व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान वरचढ ठरलं असंही नाही. 2022 च्या एका चाचणीत चिंताविकार असलेल्या 276 जणांमध्ये हा आठ आठवड्यांचा वर्ग एस्सिटालोप्राम या चिंतेवरच्या गोळीच्या तोडीस तोड ठरला. चांगली बातमी आहे, पण ती त्या वर्गाबद्दल आहे, कुठल्याही डोळे मिटून बसण्याबद्दल नाही.

आता सावधगिरी. ज्यांना कधी सायकोसिस, बायपोलर, किंवा मोठ्या आघाताचा त्रास होऊन गेलाय त्यांनी थेट दहा दिवसांच्या मौनाला जाऊ नये. लांबच्या बैठकांत दडपलेलं वर येतं, काहींना ते झेपत नाही. गोळ्या मनानं बंद करू नका, ध्यान लागलं म्हणून तर मुळीच नाही. बसल्यावर घाबरायला होत असेल तर डोळे उघडा, पाय जमिनीला दाबा, उठून चाला. आणि खूपच अंधारून आलं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 हा क्रमांक आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आलते रिटर्न

डॉक्टरसाहेबांना अनुमोदन. धम्मालयाच्या अर्जातसुद्धा आजार आणि औषधांबद्दल विचारतात. लोक प्रवेश मिळावा म्हणून लपवतात. लपवू नका.

शंकासुर

डॉक्टर, तुमच्या प्रतिसादामुळं धाग्याची पातळी राहिली. मी आता बसून बघणार, पण घरी, आणि माळ न घालता.

पेठेतला पैलवान

बसायचं म्हणताय सगळी, खरं आमच्या पेठेत गणपतीच्या दिसात बसून दाखवा! साउंडच्या भिंती लागल्या की छातीतला श्वास बी ठेक्यावर नाचतोय. त्या दिसात मी रंकाळ्यावर जातो, संध्यामठाच्या अंगाला, पाटंचं. सरांनी चालायचं शिकवलंय. हळू न्हाय, आपल्या नेहमीच्या चालीच्या जरा खाली. टाच टेकली, चवडा टेकला, पाय उचलला, एवढंच बघायचं. मोबाईल खिशात न्हाय, घरात. पयल्यांदा वाटलं ह्यात काय हाय. मग कळलं की आपण चालतोय कुठं, आपण तर पुढच्या बाकड्यावर कवाच जाऊन बसलेलो असतोय आणि पाय मागनं येत असत्यात.

पाचचा गजर

पैलवान, वा! आमच्या बाईही पाळीच्या दिवसांत किंवा पाठ धरली असेल तर चालायलाच सांगतात.

शाहूपुरीकर काका

चंक्रमण म्हणतात त्याला. बौद्ध विहारांत त्यासाठी वेगळी वाट बांधलेली असे. बसण्याइतकाच मानाचा अभ्यास आहे, दुय्यम नव्हे. आवाजाचं म्हणाल तर आवाज ऐकू येऊ द्या. 'हा आवाज बंद व्हायला हवा' हे जे मनात येतं ना, ते बघायला शिका. साउंडच्या भिंतीसमोर मात्र बघायचं काही नाही, कान झाकून घरी जा.

डिस्पॅचवाली

बरेच दिवसांनी येतेय. धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व, पण ज्यांनी इतकं लिहिलं त्यांना कळवायला हवं.

शिकवणाऱ्या बाई मिळाल्या. रुईकर कॉलनीत एक निवृत्त शिक्षिका घरी चार-पाच जणींना घेऊन बसतात, फी नाही, फक्त येताना वेळेवर या म्हणतात. (नाव-पत्ता इथं टाकणार नाही, त्यांना आवडणार नाही. व्यक्तिगत निरोपातही विचारू नका.) काकांची परीक्षा मी त्यांना न सांगता लावली. पहिल्या दिवशी मी "खूप शांत वाटलं" म्हणाले. त्या म्हणाल्या, "छान. आणि खांदे कुठं होते?" खांदे कानापाशी होते. पास!

त्यांनी माझ्या फोनवर काम केलं, म्हणजे अक्षरशः. म्हणाल्या, रिंग वाजली की लगेच उचलू नकोस. दुसऱ्या रिंगपर्यंत पोटात काय होतंय ते बघ, तिसऱ्या रिंगला उचल. पोट आवळतं, मग घशाशी गरम काहीतरी येतं, मग मी आवाज चढवून बोलायला सुरुवात करते, हा क्रम मला आता पाठ झालाय. घशापाशी आलेलं कळलं की एक श्वास बाहेर सोडायला वेळ मिळतो. परवा चाकणच्या माणसानं लाईन थांबल्याबद्दल भरपूर सुनावलं. मी म्हणाले, "साहेब, गाडी साताऱ्याच्या पुढं आहे, ड्रायव्हरचा नंबर पाठवते." एवढंच बोलले. शेजारचा सुपरवायझर बघत राहिला, त्याला माझ्याकडून पुढच्या पाच मिनिटांच्या कार्यक्रमाची सवय आहे.

रोज असं होत नाही. महिनाअखेरीला सगळं बोंबलतं. बाई म्हणतात महिनाअखेर येणारच, बसायची वेळ बदलू नकोस.

घरचं अजून जमलेलं नाही. डोकं ट्रकपाशीच असतं, पण आता मला ते कळतं आणि मी पोरीला सांगते, थांब, परत सांग. ती वैतागते.

पेठेतला पैलवान

जिंकलासा ताई. पोरगी वैतागू दे, सांगती तरी परत.

हुपरीची चांदी

ताई, आलत्याला जायचा विचार आहे का पुढं? माझा चाललाय, दिवाळीची गर्दी सरल्यावर. घरच्यांना दहा दिवस फोन नाही म्हटल्यावर आत्ताच रडारड सुरू आहे. अडीअडचणीला निरोप पोचतो का?

आलते रिटर्न

पोचतो. घरच्यांना केंद्राच्या कार्यालयाचा नंबर देऊन ठेवा, तातडीचं असेल तर ते तुम्हाला सांगतात. नावनोंदणी ऑनलाईन होते, तारखा लवकर भरतात, म्हणून दिवाळीनंतरचं हवं असेल तर आत्ताच अर्ज टाका. पूर्ण दहा दिवस राहायची तयारी असेल तरच टाका, मधून उठून येऊ देत नाहीत असं नाही पण आचार्य बसवून समजावतात. रेल्वेनं हातकणंगल्याला उतरून पुढं रिक्षा मिळते. पांघरूण जाड घ्या, डोंगराकडं पहाटे चारला गारवा असतो. आणि उशी स्वतःची घेऊन जा, बैठकीखाली कितीही घेतल्या तरी कमीच पडतात.

हुपरीची चांदी

आज रात्रीच अर्ज भरतो. शुगरची गोळी चालू आहे, ती लिहितो.

स्टेथोस्कोप

लिहाच. आणि संध्याकाळी जेवण नाही हे तुमच्या डॉक्टरांना आधी सांगा, गोळीची वेळ तेच बदलून देतील.